वेतनमर्यादा आणि करारमुक्त खेळाडू : आभासी बास्केटबॉल लीगमधील व्यवस्थापन

आभासी बास्केटबॉल लीगमध्ये चेंडूला कोणाचाच हात लागत नाही. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे उंची, वेग, बचाव, लांबून बास्केट साधण्याची अचूकता अशा गुणांचे आकडे दिलेले असतात; त्या आकड्यांत यदृच्छेचे थोडे मिश्रण करून संगणक सामन्याचा निकाल देतो. सहभागी व्यक्तीकडे संघाच्या व्यवस्थापकाची भूमिका येते आणि तिच्या हाती प्रत्यक्षात उरतात ते करार : कोणाला किती वर्षांसाठी, किती रकमेला बांधून घ्यावयाचे आणि कोणाला सोडावयाचे. काही लीगांत एकच माणूस संगणकाने चालवलेल्या एकोणतीस संघांशी स्पर्धा करतो. ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येणारा ‘बास्केटबॉल जीएम’ हा या प्रकारातील सर्वपरिचित खेळ होय. अन्य लीगांत निरनिराळ्या संघांचे व्यवस्थापक खरी माणसे असतात आणि त्यांच्यापैकीच एकजण आयुक्त म्हणून नियम राबवितो. दोन्ही प्रकारांचा मूळ आदर्श अमेरिकेतील ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ अर्थात एनबीए हाच आहे, आणि तिच्या नियमांपैकी काय उचलले गेले व काय गळले, यावरच आभासी व्यवस्थापनाचे सारे डावपेच अवलंबून असतात.

प्रथम संज्ञेविषयी. ‘फ्री एजंट’ या शब्दाचे ‘मुक्त एजंट’ असे रूप मराठीत केल्यास घोटाळा होतो. कारण मराठीत एजंट म्हणजे मध्यस्थ, दलाल. येथे अभिप्रेत असलेला माणूस दुसऱ्या कोणाचा प्रतिनिधी नसून स्वतःच्या श्रमाचा करार स्वतः करण्यास मोकळा झालेला खेळाडू आहे. म्हणून ‘करारमुक्त खेळाडू’ हा शब्द अधिक नेमका ठरावा. ही मोकळीक खेळाडूंना आपोआप मिळालेली नाही. करार संपल्यावरही खेळाडूवर जुन्याच संघाचा हक्क राही. या बंधनाविरुद्ध खेळाडूंच्या संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० साली न्यायालयात दावा गुदरण्यात आला आणि १९७६ मध्ये त्यात तडजोड झाली. पूर्ण अर्थाने करारमुक्त होऊन संघ बदलणारा पहिला खेळाडू टॉम चेंबर्स. तो १९८८ मध्ये सिअ‍ॅटलहून फिनिक्सला गेला. म्हणजे दाव्यापासून त्या पहिल्या मुक्त स्थलांतरापर्यंत अठरा वर्षे गेली. आभासी लीगच्या पडद्यावर हा सारा इतिहास नावांच्या एका यादीत मावतो. यादीत गुण, वय आणि मागणीची रक्कम असते.

वेतनमर्यादा या मोकळिकीच्या जोडीनेच आली. १९८३ च्या सामूहिक करारान्वये लीगच्या उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याची हमी मिळाली आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. १९८४-८५ च्या हंगामात ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये १४ कोटी ५ लाख ८८ हजार डॉलर. परंतु रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे तो मर्यादेचा लवचीकपणा. स्वतःचा जुना खेळाडू पुन्हा करारबद्ध करताना संघाला मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा अपवाद, करारमुक्त होऊन संघ न बदलता तीन हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला पूर्णांशाने लागू होतो.

भारतीय वाचकाला इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावावरून यातील भेद चटकन उमगेल. तेथेही २००८ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या हंगामाकरिता ती १२० कोटी रुपये झाली. मात्र तेथे संघाने स्वतःजवळ राखलेल्या खेळाडूची रक्कमही त्याच थैलीतून वजा होते. आपला असो वा परका, पैसा एकाच ठिकाणचा. ही कठोर मर्यादा होय. दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. लिलावात नाव नोंदविलेल्या खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. जो अधिक बोली लावील त्याच्याकडे त्याने जावयाचे, आणि विकत घेतल्यानंतर सबळ कारणाविना माघार घेतल्यास अलीकडच्या नियमाप्रमाणे दोन हंगामांची बंदी. करारमुक्त खेळाडू कमी रक्कम देणाऱ्या संघाकडेही जाऊ शकतो. वेतनमर्यादा दोन्हीकडे आहे, निवडीचा अधिकार एकीकडेच आहे.

लवचीक मर्यादेमुळे व्यवस्थापकाच्या कामात एक विलक्षण गोष्ट घडते. किती खर्च केला याइतकेच कोणत्या क्रमाने केला याला महत्त्व येते. परका खेळाडू मर्यादेच्या आतील मोकळ्या जागेतच घेता येतो. आपला खेळाडू नंतरही, मर्यादेबाहेर जाऊन घेता येतो. म्हणून शहाणा व्यवस्थापक आधी परका घेतो, मग आपला. समजा, मर्यादा १४ कोटी डॉलर आहे आणि पुढील हंगामासाठी १० कोटी ५० लाख आधीच बांधलेले आहेत. आपला उत्तम खेळाडू ३ कोटी मागतो आणि बाजारात दुसरा एक २ कोटी ७० लाखांना उपलब्ध आहे. दोघांची बेरीज मर्यादेत बसत नाही. तथापि परका खेळाडू आधी घेऊन आपल्या खेळाडूचा करार शेवटी केला, तर १६ कोटी २० लाखांच्या वेतनात दोघेही मिळतात.

ही पळवाट मोकाट राहू नये म्हणून एनबीएने करार संपलेल्या पण अद्याप हक्क न सोडलेल्या खेळाडूच्या नावे काही रक्कम मर्यादेत आरक्षित धरण्याचा नियम केला. वरील उदाहरणात ही रक्कम ८० लाखांपर्यंत असेल तर डाव साधतो. दीड कोटी असेल तर फसतो. २०१५ मध्ये सॅन अँटोनिओ संघाने नेमका हाच हिशेब केला. क्वाय लेनर्ड या तरुण खेळाडूशी २०१४ मध्येच वाढीव करार करणे शक्य असताना तो लांबणीवर टाकण्यात आला. त्याचे आधीचे वेतन लहान असल्याने २०१५ च्या उन्हाळ्यात त्याच्या नावे सुमारे ७२ लाख डॉलरच आरक्षित राहिले. प्रत्यक्ष करार पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ६४ लाखांचा व्हावयाचा होता. मधल्या फरकात, आणि टियागो स्प्लिटरला अटलांटाकडे धाडून मोकळ्या केलेल्या जागेत, लामार्कस ऑल्ड्रिजसारखा मातब्बर खेळाडू बसला. त्यानंतर लेनर्डच्या करारावर सही झाली. या साऱ्या गणिताचा पाया होता तो लेनर्डचे वर्षभर थांबणे. त्या वर्षात तो जायबंदी झाला असता तर नुकसान त्याचे एकट्याचे होते.

‘बास्केटबॉल जीएम’मध्ये हा डाव खेळताच येत नाही. तेथेही मर्यादा मुळात लवचीकच आहे : ती ओलांडलेल्या संघाला स्वतःचे खेळाडू राखता येतात, किमान वेतनावर माणसे घेता येतात, आणि अदलाबदलीत पाठविल्यापेक्षा कमी वेतन परत घेऊन व्यवहार करता येतो. परंतु वर्षाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी स्वतःच्या खेळाडूंशी बोलणी, मग करारमुक्तांचा बाजार. पहिला टप्पा ओलांडताच ज्यांच्याशी करार झाला नाही ते यादीत जातात व त्यांच्यावरील विशेष हक्क संपतो. वरच्या उदाहरणातील व्यवस्थापकाने ३ कोटींचा करार केला की त्याच्याकडे ५० लाखांचीच जागा उरते. दोघांपैकी एक निवडणे भाग पडते. आरक्षित रकमेचा किचकट नियम येथे नाही, कारण त्याची गरजच क्रम ठरवून काढून टाकली आहे. प्रतिकृती करणाऱ्याने केलेले हे सुलभीकरण निरुपद्रवी वाटते. वस्तुतः ते आभासी व्यवस्थापकाला अधिक कठोर जगात नेऊन सोडते.

अशा जगात चुकीचा करार कोणता? नवखे व्यवस्थापक बहुधा सर्वांत महागड्या खेळाडूला भितात, आणि ती भीती अनाठायी असते. १९९७ मध्ये मिनेसोटाने एकवीस वर्षांच्या केव्हिन गार्नेटशी सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. संघमालक हादरले, १९९८-९९ ची टाळेबंदी झाली आणि त्यातून वैयक्तिक वेतनावरही कमाल मर्यादा आली. परिणाम असा की खरोखर असामान्य खेळाडू आपल्या मोलापेक्षा स्वस्तात मिळू लागला. ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या क्रमवार निवडीतून आलेल्या खेळाडूचे वेतनही ठरीव असल्याने तोही स्वस्तच. वर कमाल, खाली ठरीव. मग फुगवटा येतो तो मधल्या थरात. तिशीला टेकलेला, बऱ्यापैकी खेळणारा, चार-पाच वर्षांचा करार मागणारा खेळाडू हीच व्यवस्थापकाची खरी परीक्षा. आभासी लीगमध्ये वयाबरोबर गुणांचे आकडे घसरतात, करार मात्र घसरत नाही. आणि खेळाडूला संघातून काढले तरी त्याचे उरलेले वेतन मुदत संपेपर्यंत हिशेबात राहते. ऐषकराची रेषा ओलांडल्यास जादा प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर द्यावा लागतो आणि ही रक्कम मर्यादेखाली राहिलेल्या संघांत वाटली जाते, म्हणजे स्वतःची चूक प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरीत भर घालते.

यावर धूर्त व्यवस्थापकाचा उपाय म्हणजे थांबणे. करारमुक्तांचा बाजार तेथे तीस दिवस चालतो आणि न विकल्या गेलेल्या खेळाडूची मागणी दिवसागणिक उतरत जाते. पहिल्या दिवशी दीड कोटी मागणारा खेळाडू महिनाअखेरीस त्याच्या निम्म्यालाही मिळू शकतो. फक्त दरम्यान जागा मोकळी असलेल्या दुसऱ्या संघाने त्याला उचलता कामा नये. म्हणून अनुभवी खेळगडी खेळाडूंच्या यादीआधी इतर संघांकडील मोकळ्या जागेची यादी पाहतो. मंडईत संध्याकाळी भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचेच हे तंत्र आहे.

मर्यादेची रक्कम स्वतः बदलते तेव्हा काय होते, याचा धडा मात्र प्रत्यक्ष लीगनेच दिला. नव्या दूरचित्रवाणी करारामुळे २०१६ मध्ये मर्यादा एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचा लीगचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेने आधीच नाकारला होता. एकाच उन्हाळ्यात सर्वांकडे जागा झाली. आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेटला केव्हिन ड्युरँट घेता आला आणि लॉस एंजेलिस लेकर्सने टिमोफे मोझगोव्हला चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख देऊ केले. २०२३ च्या करारात वार्षिक वाढीवर दहा टक्क्यांचे बंधन आले ते या अनुभवानंतर. ज्या आभासी लीगमध्ये मर्यादा वर्षानुवर्षे स्थिर असते, तेथील सवयी घेऊन वाढत्या मर्यादेच्या लीगमध्ये येणारा व्यवस्थापक लांब मुदतीच्या करारांना विनाकारण घाबरतो. वाढत्या मर्यादेत जुना करार दरवर्षी हलका होत जातो.

आता गळलेल्या गोष्टीकडे वळता येईल. १९९९ मध्ये मिनेसोटाने जो स्मिथ या खेळाडूला १७ लाख ५० हजार डॉलरच्या किरकोळ करारावर घेतले. मागे एक गुप्त लेखी वचन होते : काही वर्षे अल्प वेतनावर खेळ, बर्ड-अपवाद लागू झाला की मोठा करार देऊ. हा कागद उघडकीस आल्यावर २००० मध्ये लीगने करार रद्द केले, ३५ लाख डॉलर दंड ठोठावला आणि पहिल्या फेरीतील पाच निवडी काढून घेतल्या. पुढे त्यांतील काही परत दिल्या. संगणकातील खेळाडूला असे वचन देता येत नाही, कारण त्याच्याजवळ वचन ऐकणारा कान नाही. लेनर्डप्रमाणे तो संघासाठी थांबत नाही, आणि लेनर्डने २०१८ मध्ये केले तसे अविश्वास वाटून दुसरीकडे पाठविण्याची मागणीही करीत नाही. माणसांनी चालविलेल्या लीगांतही ही उणीव राहतेच; तेथे वचनभंग होतो तो दोन व्यवस्थापकांमध्ये, खेळाडू दोघांच्या मधली वस्तू असतो.

ही उणीव जाणवल्यामुळेच ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये खेळाडूच्या ‘मनःस्थिती’ची योजना पुढे करण्यात आली. कोणाला पैसा महत्त्वाचा, कोणाला कीर्ती, कोणाला विजय, कोणाला निष्ठा. संघाची कामगिरी, सुविधा, शहराचा आकार यांवरून तो खूश किंवा नाराज होतो, नाराजी वाढली की अधिक रक्कम मागतो, आणि एका मर्यादेपलीकडे बोलणी करण्यासच नकार देतो. निष्ठेचे वळण असलेला खेळाडू तर आपल्या सहकाऱ्यांची वारंवार अदलाबदल होताना पाहूनही बिथरतो. सराईत खेळगड्यांना हा नकार सुरुवातीला यंत्राचा दोष वाटतो : मर्यादेत जागा आहे, रक्कम देण्याची तयारी आहे, तरी सही होत नाही. रॉबर्टसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात मागितला होता तो अधिकार हाच. आभासी लीगमध्ये तो एका आकड्याच्या रूपाने आला आहे, आणि हा आकडा शून्याखाली गेला की व्यवस्थापकाला करार पुढे करण्याचे बटणच दाबता येत नाही.