हवेत काढलेला बार

लहानपणी आमच्या वाड्यात टिकल्यांचं पिस्तूल दोनच पोरांकडे होतं. बाकीचे आम्ही टिकली फरशीवर ठेवून दगडानं ठेचायचो आणि पिस्तूलवाल्यांकडे जळक्या नजरेनं बघायचो. यांच्या तोंडावर एकदा खरा बार काढता आला असता तर, हा विचार आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला असणार. न्यू ऑर्लिन्समधल्या अकरा वर्षांच्या एका पोरानं तो अमलात आणला.

तारीख होती ३१ डिसेंबर १९१२. वर्ष सरताना त्या शहरात फटाक्यांबरोबर बंदुकांचेही बार सर्रास निघत. लुई आर्मस्ट्राँग आपल्या गाणाऱ्या टोळक्याबरोबर रॅम्पार्ट स्ट्रीटवरून गात, टोपी फिरवून चिल्लर गोळा करत चालला होता. समोरून एका पोरानं त्याच्या रोखानं पिस्तुलाचे फुसके बार काढले. आता, आईकडे त्या काळात राहत असलेल्या बाप्याचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर लुईनं तिच्या पेटीतून लांबवलं होतं. ते त्यानं बाहेर काढलं आणि हवेत झाडलं. समोरचं पोर जे पळालं ते दिसेनासं झालं. टोळकं खूश. लुई पुन्हा बार काढायच्या बेतात असतानाच मागून कुणीतरी त्याला कवेत घेतलं. वळून बघतो तर साध्या वेशातला पोलीस!

ती रात्र कोठडीत गेली, आणि तिथून त्याची रवानगी 'कलर्ड वेफ्स होम'मध्ये झाली. हे काळ्या मुलांचं सुधारगृह. आपल्या बोलीत रिमांड होम. तिथं त्याच्या हातात कॉर्नेट आला. पुढं जॅझचा अनभिषिक्त राजा झालेल्या या माणसानं 'सॅचमो: माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स' या पुस्तकात आपल्या वादनाची गंगोत्री म्हणून हाच प्रसंग सांगितला. मात्र १९६९ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात तोच सांगतो, की त्याच्या किती तरी आधी कार्नॉफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या भंगारगाडीवर बसून तो पत्र्याची पिपाणी वाजवायचा, आणि त्यांनी पैसे पुढं केल्यामुळं पाच डॉलरचा जुना कॉर्नेटही त्यानं घेतला होता. दोन्ही हकिकती एकाच माणसाच्या. बार काढण्याची गोष्ट जास्त रंगते, म्हणून ती पुढं आली, एवढंच.

तारखांच्या बाबतीतही तोच प्रकार. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचं तोंड, दोन्ही एकदम! १९८० च्या दशकात चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तेव्हा खरी तारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१. १ जूनला जन्मलेल्या अर्ध्या महाराष्ट्राला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. आपल्या तारखा मास्तरांनी घातल्या, त्यानं स्वतःची स्वतः घेतली. आणि घेतली ती चांगली बघून घेतली.

'सॅचमो' हे पुस्तक अमेरिकेत १९५४ मध्ये आलं. फ्रेंचमध्ये त्याआधीच, १९५२ मध्ये. आर्मस्ट्राँगचं शिक्षण बेताचंच, पण लिहिण्याची हौस दांडगी. दौऱ्यावर त्याच्या सामानात टाइपरायटर असायचाच. कार्यक्रम आटोपला की ड्रेसिंग रूममध्ये बसून तो पत्रांची चळत पाडायचा. शेवटी राजमा-भाताच्या नावानं सही, कारण ते त्याचं लाडकं जेवण. पुस्तकही त्याच बोटांनी बडवलेलं. प्रकाशकानं त्यावरून बराच रंधा फिरवला, तरी सूर टिकून आहे.

गंमत म्हणजे पुस्तक संपतं १९२२ मध्ये, लेखक एकवीस वर्षांचा असताना. ज्या ध्वनिमुद्रिकांनी तो जगाला माहीत झाला, त्या अजून व्हायच्या आहेत. पुस्तकात आहे ती फक्त वाया गेलेली म्हणता येईल अशी तरुणाई: जुगारी, दलाल, वेश्या, चाकूबाज, बँडवाले. आपल्याकडच्या गवयांच्या आठवणीत तारुण्य म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरणं. उनाडपणा आलाच तर तो साधनेच्या पायरीपुरता. आर्मस्ट्राँगला पश्चात्ताप नावाची गोष्ट ठाऊकच नाही. मोहल्ल्यातली माणसं तो आपल्या घरच्यांसारखी ओळीनं उभी करतो, आणि कुणाला नाव ठेवत नाही.

सुरुवात आजीपासून. बाप लुईच्या जन्माबरोबर घर सोडून गेलेला, आई दुसरीकडे. सांभाळ आजी जोसेफीनचा. खोडी केली की आजी शिक्षेचा फोक त्यालाच झाडावरून तोडून आणायला सांगायची. हा जाऊन सगळ्यांत बारकी काडी शोधून आणायचा. ती बघून आजीला हसू फुटायचं आणि बहुतेक वेळा मार टळायचा. पुढं आयुष्यभर त्यानं केलेल्या अनेक वाटाघाटींचा नमुना मला या काडीत दिसतो.

पाचेक वर्षांचा असताना आई आजारी पडली म्हणून एक बाई त्याला न्यायला आली. ट्राममध्ये चढल्याबरोबर हा पुढच्या बाकावर जाऊन बसला. ती मागून हाका मारतेय, याला वाटतंय ती खेळतेय. शेवटी दंड धरून तिनं त्याला मागं ओढलं, काळ्यांसाठीच्या बाकांवर. हाच प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता तर पान पेटलं असतं. हा लिहितो आणि लगेच दुसरी आठवण जोडतो: सहलीच्या दिवशी गाडीत काळ्यांचीच गर्दी असली की ते पुढचे बाकही काबीज करायचे. तिथं बसून इतकं छान का वाटायचं, ते आपल्याला सांगता येत नाही, म्हणतो. या माणसाला पुढच्या पिढीतल्या वादकांनी 'गोऱ्यांसमोर दात काढणारा' म्हणून हिणवलं. पण मिश्र बँडवर बंदी घालणारा कायदा लुइझियानानं १९५६ मध्ये केला, तेव्हा आपल्या जन्मगावी वाजवणं त्यानं बंद केलं, ते थेट १९६५ पर्यंत. बाकांचा हिशेब तो विसरला नव्हता.

पुस्तकाची खरी नायिका त्याची आई, मेयॅन. तिचं औषधशास्त्र आपल्या आज्यांच्या एरंडेलाइतकंच सुटसुटीत होतं: पोट साफ तर सगळं साफ. रुळांच्या कडेला उगवलेला पाला आणून ती पोरांना उकळून पाजायची. मोठेपणी आर्मस्ट्राँग 'स्विस क्रिस' नावाच्या रेचक पुड्यांचा भक्त झाला आणि भेटेल त्याला वाटत सुटला. कमोडवर बसलेलं स्वतःचं हसतमुख छायाचित्र, जणू किल्लीच्या भोकातून टिपलेलं, त्यानं कार्डावर छापून मित्रांना धाडलं. असा प्रचारक एरंडेलाला लाभला नाही.

पोरगं आता मोठ्या माणसांत ऊठबस करतंय, पितंय, हे मेयॅनच्या कानावर आलं तेव्हा तिनं आकांडतांडव केलं नाही. प्यायचीच तर पचवायला शीक, असं म्हणून तीच त्याला घेऊन निघाली. वस्तीतल्या एकेका गुत्त्यात मायलेकरांची वरात. जिथं जातील तिथं लोक मेयॅनला ओळखत, ग्लास पुढं करत. शिकवणी संपेपर्यंत गुरू आणि शिष्य दोघांनाही धड उभं राहता येईना. पुढं नूट्सी नावाच्या एका धंदेवाल्या पोरीनं लुईच्या खांद्यात सुरा खुपसला, तेव्हा याच आईनं तिचं घर गाठून तिचा गळा धरला. सोडवायला माणसं धावली म्हणून नूट्सी वाचली.

सुधारगृहात पहिले तीन दिवस लुईनं जेवणाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी पंगतीत पहिला नंबर त्याचा होता. बँड शिकवणाऱ्या पीटर डेव्हिसला असल्या वस्तीतलं पोरगं नकोच होतं. मग आधी खंजिरी, त्यानंतर ढोल, बिगुल असं करत करत कॉर्नेट आणि शेवटी बँडचं पुढारपण. मिरवणूक त्याच्या गल्लीतून निघाली तो दिवस त्यानं मन लावून रंगवलाय. जुगारी, दलाल, बायका, सगळे दारात आले. मेयॅन झोपली होती, तिला कुणी तरी उठवून आणलं. पोरांच्या टोप्या नाण्यांनी इतक्या भरल्या, की त्यातून सगळ्या बँडला नवे गणवेश आणि नवी वाद्यं आली. समाजानं ओवाळून टाकलेल्या माणसांची ही देणगी.

जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर पोटासाठी कोळसा. 'लेडी' नावाचं खेचर जुंपलेली गाडी भरून विकली की पंधरा सेंट मिळत. यातलं मोक्याचं गिऱ्हाईक स्टोरीव्हिलमध्ये. ही न्यू ऑर्लिन्सची कायदेशीर वेश्यावस्ती. सिडनी स्टोरी नावाच्या नगरसेवकानं धंदा एका हद्दीत कोंडण्यासाठी १८९७ मध्ये ठराव आणला, आणि बक्षीस म्हणून लोकांनी वस्तीला त्याचंच नाव दिलं! एरवी लुईच्या वयाच्या काळ्या पोराला तिथं फिरणं धोक्याचं होतं. पण कोळसेवाल्याला कोण अडवणार? एखाद्या बाईच्या खोलीत कोळसा टाकताना तो मुद्दाम रेंगाळायचा, कारण शेजारच्या पीट लालाच्या गुत्त्यात त्याचा आवडता वादक जो ऑलिव्हर कॉर्नेट वाजवत असायचा. हा उभा का राहिलाय, ते त्या बाईला कळेना. नोव्हेंबर १९१७ मध्ये आरमाराच्या दबावामुळं वस्ती बंद झाली आणि कोळशाचा धंदाही बसला.

ब्लॅक बेनी हा त्याच्या आवडत्या माणसांपैकी एक. बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा धिप्पाड गडी, आणि मारामाऱ्यांत तितकाच तरबेज. तो तुरुंगात असला आणि मोठी अंत्ययात्रा निघाली, की बँडवाले त्याला तेवढ्यापुरता सोडवून आणायचे. ढोल वाजवून, मयत पोचवून स्वारी परत कोठडीत!

आणि डेझी. विशीच्या आतच लुईनं हिच्याशी लग्न केलं. भेट नदीपलीकडे ग्रेटना गावातल्या गुत्त्यात, ती तिथं धंदा करायची. अंगानं किरकोळ, म्हणून कमरेला गाद्या बांधायची; हे रहस्य पहिल्याच भेटीत उलगडलं तेव्हा आपला चेहरा कसा झाला, हेही त्यानं लपवलेलं नाही. संसार म्हणजे विटांची फेकाफेक. एकदा हा दुसऱ्या पोरीबरोबर दिसला. डेझी वस्तरा घेऊन धावली. यानं गटारावरून उडी मारली, पण डोक्यावरची हॅट खाली पडली. ती साधीसुधी नव्हे, पै पै साठवून घेतलेली स्टेटसन. पलीकडे उभा राहून तो बघतोय आणि डेझी निवांतपणे हॅटच्या चिंध्या करतेय. अंगावर वार झाला असता तर एवढं लागलं नसतं, असा एकूण सूर.

नंतर फेट मॅरबलच्या बँडमधून बोटींवर वाजवण्यासाठी तो रेल्वेनं सेंट लुइसला पोचला. इतक्या उंच इमारती आयुष्यात पहिल्यांदा बघून त्यानं विचारलं, ही सगळी कॉलेजं आहेत का? मॅरबलनं त्याच्या अकलेचा उद्धार केला. त्याच प्रवासात गाडी बदलताना फलाटावर त्याच्या हातातली पिशवी फाटली. माशाचं सँडविच आणि ऑलिव्हची बाटली लोकांच्या पायात पसरली. बरोबरच्या वादकानं तोंड फिरवून ओळख नसल्यासारखं केलं.

पुढचा भागही त्यानं टंकायला घेतला होता. त्यात गांजाचं इतकं मोकळं गुणगान होतं की तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही; हाती लागलेली पानं १९९९ मध्ये बाहेर आली.

आपला या साऱ्याशी धागा एकच, पण मजबूत. गोव्यातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावानं ट्रम्पेट वाजवायचा, हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून. 'अलबेला'च्या काळात तो सी. रामचंद्रांच्या ताफ्यात होता, आणि त्या गाण्यांना जी लचक आहे तिचं एक टोक न्यू ऑर्लिन्समध्ये आहे. रामचंद्रांनीही 'माझ्या जीवनाची सरगम' बरीच मोकळेपणानं लिहिली. आमच्या घरी ते पुस्तक कपाटात मागच्या रांगेत असायचं.

८ ऑगस्ट १९२२. जो ऑलिव्हरचा सांगावा आलाय, लुई शिकागोला निघालाय. ऐन उन्हाळ्यात, उत्तरेकडे गारठा असतो म्हणून, मेयॅननं त्याला लांब हातापायांचे लोकरीचे आतले कपडे चढवलेत आणि माशाचं सँडविच बांधून दिलंय. काळ्यांना वाटेतल्या उपाहारगृहात जेवण मिळत नाही, तेव्हा ते पुरवून खायचं. गाडीत बसतो तर समोर मेयॅनच्या ओळखीची एक बाई, तीन पोरं, आणि तळलेल्या कोंबडीनं भरलेली टोपली. पिशवी या वेळी फाटली नाही.