विश्लेषण : गुलामांच्या मुक्तीनंतरचा कायदा कृष्णवर्णीय उद्योजिकांवरच कसा उलटला?

अमेरिकेत २००४ पासून ऑगस्ट हा कृष्णवर्णीयांच्या उद्योगांचा महिना म्हणून साजरा होतो. २०२३ मध्ये नेमक्या याच महिन्यात, २ ऑगस्टला, अटलांटातील ‘फिअरलेस फंड’ या छोट्या गुंतवणूक संस्थेवर खटला दाखल झाला. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि संस्थेला कृष्णवर्णीय महिलांसाठीची अनुदान स्पर्धा कायमची बंद करावी लागली. रक्कम फार मोठी नव्हती, पण निकालाचा परिणाम मोठा आहे.

अनुदान कशासाठी होते?

नवउद्योगांना जोखीम पत्करून दिल्या जाणाऱ्या भांडवलापैकी एक टक्काही अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांच्या वाट्याला येत नाही. घरची जमीन विकून किंवा काकांकडून उसने घेऊन धंदा उभा करण्याची सोयही बहुतेकींना नसते, कारण पिढीजात संपत्तीच नाही. ती का नाही, याची उत्तरे इतिहासात आहेत. ओक्लाहोमातील टल्सा शहरात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली पेठ १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने जाळून टाकली. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. एरियन सिमोन आणि त्यांच्या सहकारी महिलांनी स्थापलेला फिअरलेस फंड ही उणीव थोडी भरून काढू पाहत होता. किमान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय महिलांची असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी स्पर्धा होती आणि विजेतीला २० हजार डॉलर मिळत.

आक्षेप काय होता?

खटला भरणारी ‘अमेरिकन अलायन्स फॉर इक्वल राइट्स’ ही संस्था एडवर्ड ब्लम यांची. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये बंदी आणली, ते प्रकरण लढणारी संस्थाही त्यांचीच. त्यांनी आधार घेतला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा, तो न्यायालयात बजावून घेण्याचा ‘गोऱ्या नागरिकांइतकाच’ हक्क असावा, म्हणून तो कायदा झाला. मात्र हे संरक्षण गोऱ्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवले होते. ब्लम यांनी तेच सूत्र पकडले.

पण अनुदान हा करार कसा? येथे फंडाचीच कागदपत्रे त्याला नडली. स्पर्धेत भाग घेणे म्हणजे नियम मान्य करणे आणि हे नियम हाच करार, असे मूळ नियमावलीत ठळक अक्षरांत छापले होते. वकील मंडळी सवयीने घालतात तसे ते वाक्य असावे. खटल्यानंतर ते बदलले, पण उशीर झाला होता. शिवाय विजेतीने आपले नाव, छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरू द्यायचे होते. म्हणजे देवाणघेवाण आली.

न्यायालयाने काय म्हटले?

जिल्हा न्यायाधीशांनी सुरुवातीला फंडाची बाजू घेतली होती. दान हीदेखील अभिव्यक्तीच, हा फंडाचा युक्तिवाद त्यांना पटला. अपील न्यायालयाने ३ जून २०२४ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला. दाद मागणाऱ्या संस्थेच्या तीन सदस्य उद्योजिकांची नावेही जाहीर नव्हती. स्पर्धेत खरोखर भाग घ्यायचा होता असे त्यांनी दाखवलेलेच नाही, असे विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश रॉबिन रोझेनबॉम यांनी नोंदवले. दुखापतीचे सोंग घेऊन मैदानावर कोसळणाऱ्या फुटबॉलपटूंशी त्यांनी वादींची तुलना केली.

भारतात चित्र वेगळे कसे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी महाराष्ट्राचे नाते जुने. १९७२ मधील ‘दलित पँथर’चे नावच ‘ब्लॅक पँथर’वरून आले. पुढे २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. आपल्याकडे मागासांसाठीच्या विशेष तरतुदीला राज्यघटनेतच, अनुच्छेद १५(४) मध्ये, स्थान आहे. अमेरिकी राज्यघटनेत असे कलम नाही. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करायची असते. हे उद्दिष्ट मात्र अनेक वर्षे गाठता आले नाही. म्हणजे अडचण तिथे कायद्याची, इथे अंमलबजावणीची.

आता पुढे काय?

हा निकाल जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या राज्यांतील संघीय न्यायालयांवर बंधनकारक आहे. खटल्याच्या धास्तीने अनेक कंपन्या व संस्थांनी अर्जांतून वंशाचा उल्लेख काढला आहे. किरकोळ विक्रीतील बडी कंपनी ‘टार्गेट’ने जानेवारी २०२५ मध्ये वैविध्याची उद्दिष्टे गुंडाळली, तेव्हा कृष्णवर्णीय ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली. त्यात तिच्या फळ्यांवर माल ठेवणारे छोटे कृष्णवर्णीय उत्पादक दोन्हीकडून अडकले. ग्राहक पाठ फिरवणार आणि न विकलेला माल त्यांच्याच नावावर राहणार.