चेंडू कोणाच्या कोर्टात?

बिद्रीच्या आमच्या पेढीवर एकदा मुंबईच्या एका खरेदीदाराचे इंग्रजी पत्र आले. गुळाचे नमुने त्यास पसंत होते. त्याने आपला दर कळविला होता आणि शेवटी लिहिले होते, ‘द बॉल इज इन युवर कोर्ट.’ काकांनी ‘कोर्ट’ हा एकच शब्द ओळखला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अरे, सौदा ठरण्याआधीच हा मनुष्य कोर्टाची भाषा करतो?” वकिलांना विचारूनच उत्तर द्यावे, असे ठरले. त्यात आठ दिवस गेले. तोवर खरेदीदाराने माल दुसरीकडून उचलला होता.

पत्राचा अर्थ इतकाच होता : आमचे सांगून झाले, आता निर्णय तुमचा. टेनिसमध्ये चेंडू समोरच्याच्या बाजूस गेला की फटका त्याने मारायचा असतो. त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला.

वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांची बेरीज करून निघत नाही, हे मराठीत आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. ‘पोटावर पाय देऊ नका’ असे म्हणणारा उपजीविकेविषयी बोलत असतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणारा चक्रावून जाईल. इंग्रजी वाचताना मात्र आपण हीच गोष्ट विसरतो.

‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात. जमाखर्चात तूट लाल शाईने लिहिण्याच्या प्रघातावरून तो आला. ‘मेक एंड्स मीट’ म्हणजे मिळकतीत कसाबसा खर्च भागविणे, आपली हातातोंडाची गाठ. सर्वांत जपून वापरावा तो ‘कट कॉर्नर्स’. तो काटकसरीचा वाटतो. परंतु त्याचा अर्थ वेळ वा पैसा वाचविण्यासाठी कामात कसूर करणे असा आहे. काटकसरीच्या अभिमानाने कोणी ‘वी कट कॉर्नर्स’ असे लिहून धाडले, तर पिढ्यान्‌पिढ्यांची पत त्याने आपल्याच हाताने घालविली म्हणायची.

इंग्रजी आपल्या समाजास परके नाही. अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहून १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. एवढी मजल प्रत्येकास मारता येणार नाही. परंतु आलेले पत्र नीट उमजावे, इतके तरी साधलेच पाहिजे.

त्या प्रसंगानंतर आमच्या घरी एक रीत पडली. आठवड्यास एक वाक्प्रचार घ्यायचा आणि वहीत तीन ओळी लिहायच्या : अर्थ काय, कोणत्या प्रसंगी वापरावा, आणि आपल्या पेढीवरचे किंवा घरातले एक वाक्य. उसन्या वाक्यापेक्षा स्वतःचे वाक्य अधिक स्मरणात राहते. ज्याविषयी शंका असेल, तो वाक्प्रचार पत्रात घालू नये. साधे, सरळ वाक्य लिहावे.

वहीतील पहिले वाक्य काकांनीच लिहिले : ‘वी हॅव सेंट द सॅम्पल्स, नाऊ द बॉल इज इन देअर कोर्ट.’ लिहून झाल्यावर ते हसले आणि म्हणाले, “ही शिकवणी जरा महागात पडली, पण फी भरली आहे, तर धडा पाठ झालाच पाहिजे.”