कथाबीजांची टिपणवही

स्वरूप

ऐकलेली हकिकत, अर्धवट कानी पडलेला संवाद, वर्तमानपत्रातील चार ओळी, एखाद्या माणसाची लकब, अशा ज्या कणातून कथा संभवते त्याला कथाबीज म्हणतात. बीजात प्रसंग असतो; तो कोणाला भोगावा लागेल आणि कोण काय गमावेल, हे सहसा नसते. ज्यांना बीजे भरपूर सुचतात त्यांची अडचण येथेच आहे. सुचण्याचा आनंद प्रत्येक वेळी सारखाच असल्याने सकस बीज कोणते आणि पोचट कोणते, हे त्या क्षणी कळत नाही. टिपणवही हा निर्णय पुढे ढकलते. तिचा मुख्य उपयोग हाच.

नोंद कशी असावी

कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या १८७८ ते १९११ या काळातील वह्या नोंद कशी असावी याचा उत्तम वस्तुपाठ आहेत. १० जानेवारी १८९५ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनी त्यांना दुष्ट नोकरांच्या हाती सोपवलेल्या मुलांची आणि मृत्यूनंतरही त्या मुलांना ओढू पाहणाऱ्या त्या नोकरांची गोष्ट सांगितली. दोनच दिवसांनी जेम्स यांनी ती टिपली आणि शेवटी लिहून ठेवले, की ही कथा बाहेरच्या निरीक्षकाने सांगितलेली असावी. घटनेसोबत कथनाचा कोनही नोंदला गेल्याने ती नोंद तीन वर्षे टिकून राहिली आणि १८९८ मध्ये तिच्यातून ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ उभी राहिली.

अधिक तपशील मात्र घातक ठरू शकतो. ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ या कादंबरीचे बीज जेम्स यांना १८९३ च्या नाताळाच्या आदल्या रात्री जेवणाच्या मेजावर मिळाले: घरातील सामानावरून आई आणि मुलगा यांच्यात पेटलेला कलह. सांगणारी व्यक्ती पुढचे खरे घडलेले सांगू लागली, तेव्हा ते त्यांना निरुपयोगी वाटले.

छाननी

रशियन कथाकार चेखव वापरलेली नोंद खोडून टाकत, आणि बरीचशी टिपणे त्यांनी दुसऱ्या वहीत पुन्हा उतरवून काढली. हाताने पुन्हा लिहिण्यात श्रम असतात, म्हणून छाननीही आपोआप होते: जे लिहावेसे वाटत नाही, ते गळते. यादी नुसती वाढवत नेण्यापेक्षा ही रीत अधिक परिणामकारक आहे. उतरवताना दोन अशक्त नोंदी एकमेकींना जोडता येतात, हा आणखी एक लाभ. एकीत माणूस असतो, दुसरीत पेच.

मुदतीचा प्रभाव

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला वार्षिक मुदतीची सवय आहे. मुदत निवड करायला भाग पाडते, पण लवकर संपणारे बीज पुढे येण्याचा धोकाही त्यात असतो.

मर्यादा

टिपण्याचे समाधान लेखनाची जागा घेऊ शकते. एका कथेची मध्यावर कोंडी झाली, की वहीतील नवे बीज अधिक आकर्षक दिसू लागते. म्हणून हाती घेतलेली कथा पुरी होईपर्यंत वहीत भर घालावी, तिच्यातून काही उचलू नये. वही राखणाऱ्या थोर लेखकांचीही सगळी बीजे रुजली नाहीत. नॅथॅनिएल हॉथॉर्न १८६४ मध्ये निवर्तले. त्यांच्या कितीतरी कल्पना १८६८ मध्ये पत्नी सोफिया यांनी वह्यांतील उतारे प्रसिद्ध केले तेव्हा टिपणांच्याच रूपात वाचकांपुढे आल्या.