फोटो कार्डवर टाकताना आत काय घडतं

फोनमध्ये जागा उरली नाही अशी सूचना आली की बहुतेक जण गॅलरी उघडतात, शे-दोनशे फोटो निवडतात आणि 'हलवा' दाबून ते मेमरी कार्डवर पाठवतात. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं. पण कधीतरी या वाटेत फोटो उडतात. बारशाचे, लग्नाचे, आता हयात नसलेल्या माणसांचे. ते पुन्हा काढता येत नाहीत. म्हणूनच हे हलवणं आत नेमकं कसं होतं, हे फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

फोनच्या आतल्या आत एका फोल्डरमधून दुसऱ्यात फोटो नेले, तर ते सहसा क्षणात जातात, हजार असले तरी. कारण फोटो जागचे हलतच नाहीत. सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तसा हा प्रकार आहे: जमीन जिथल्या तिथे, बदलते ती फक्त नोंद. मेमरी कार्ड मात्र दुसरं गाव आहे आणि त्याचं दप्तर वेगळं. तिथे नुसता फेरफार चालत नाही. फोटोतला प्रत्येक बाइट वाचून तो कार्डवर नव्याने लिहावा लागतो, कार्डाच्या दप्तरात नवी नोंद घालावी लागते आणि त्यानंतर फोनमधली जुनी नोंद खोडली जाते. थोडक्यात, आधी नक्कल आणि मग अस्सल नष्ट. फोटो जातात ते याच दोन पायऱ्यांच्या मध्ये.

शिवाय पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं दिसलं, तरी ते पूर्ण झालेलं असतंच असं नाही. वेग मिळावा म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये धरून ठेवते आणि मागाहून कार्डवर उतरवते. नेमकं त्याच वेळी कार्ड ओढून काढलं किंवा फोन बंद पडला, तर नक्कल अर्धवट राहते. वरचा भाग नीट आणि त्याखाली नुसती राखाडी पट्टी, असा फोटो अनेकांनी पाहिला असेल. सर्वसाधारण जेपेग फाइलमध्ये चित्र वरून खाली क्रमाने साठवलेलं असतं. जिथे लिहिणं थांबलं, तिथून पुढे चित्र उरत नाही. कार्ड काढण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'इजेक्ट' करायचं ते यासाठी. त्यामुळे रॅममध्ये राहिलेलं सगळं आधी कार्डवर उतरतं.

इथे फोन आणि कार्ड यांच्यात आणखी एक फरक आहे. फोनची अंतर्गत फाइल व्यवस्था अर्धवट राहिलेलं काम ओळखून स्वतःला सावरू शकते. कार्डवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. या व्यवस्था सोप्या आहेत आणि जवळपास सगळ्या उपकरणांना समजतात, पण अशी सावरण्याची सोय त्यांत नाही. ऐन नोंद करताना वीज गेली, तर एका फोटोपुरतं नुकसान न राहता अख्खं फोल्डर बिघडू शकतं. कार्ड 'करप्ट' झालं म्हणतात त्यातली बरीच प्रकरणं अशी असतात.

आता खुद्द कार्ड पाहू. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असतं. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर ६४ जीबीच्या कार्डात सोळा हजारांच्या आसपास फोटो मावतात. ही किमया ज्या रचनेवर उभी आहे ती बेल लॅब्जमधल्या डावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली: चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. पुढे जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे आणली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार. आज आपल्या फोनमध्ये आणि कार्डात हाच नँड प्रकार असतो.

रोधक थर ओलांडायला इलेक्ट्रॉनला एरवी वाट नसते. पण हा थर काही नॅनोमीटरचाच असतो आणि सुमारे २० व्होल्टचा दाब दिला की क्वांटम भौतिकीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉन त्यातून पार होतात. कार्डाला फोनकडून साधारण ३ व्होल्टच मिळतात; हा मोठा दाब चिप स्वतःच्या आत तयार करते. दाब काढला की इलेक्ट्रॉन आत अडकतात आणि वीज नसली तरी तिथेच राहतात. बाळाच्या पहिल्या पावलाचा फोटो म्हणजे अखेर कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची एक मांडणी. मला हे आजही थक्क करतं. मात्र दर वेळी लिहिताना-पुसताना थर थोडा झिजतो, त्यामुळे कार्डाला आयुष्याची मर्यादा असते.

पुसण्याची रीतही वेगळी आहे. फ्लॅशमध्ये लिहिता येतं लहान तुकड्यांत, पण पुसावं लागतं मोठा गट एकदम. त्यामुळे कार्डवरचा फोटो डिलीट केला, तरी आधी फक्त नोंद जाते आणि मजकूर काही काळ तिथेच पडून राहू शकतो. कार्डवरून फोटो चुकून उडाले तर ते कार्ड तत्काळ वापरायचं थांबवावं. फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते परत मिळण्याची बरी आशा असते. फोनमधून उडालेल्या फोटोंचं तसं नाही. आजच्या फोनमधला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि खोडलेली जागा फोन स्वतःहून साफ करतो. 'रीसायकल बिन'मध्ये नसेल तर तो फोटो बहुधा गेलाच. आणि 'हलवा' म्हटल्यावर खोडली जाते ती नेमकी फोनमधली प्रत.

म्हणून 'हलवा' दाबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'कॉपी करा' म्हणावं, दोन्हीकडची फोटोंची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, कार्ड इजेक्ट करून पुन्हा घालावं, काही फोटो मोठे करून शेवटपर्यंत पाहावेत. मगच फोनमधले काढावेत. नव्या कार्डाच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं, कारण बाजारात बनावट कार्डं आहेत. आतली कंट्रोलर चिप खोटी क्षमता सांगते. प्रत्यक्ष जागा संपली तरी ती लिहिलेलं स्वीकारत राहते आणि बहुधा जुन्या फोटोंवरच नवे लिहीत जाते. यादीत सगळी नावं दिसतात, फोटो मात्र उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतात.

कॉपी केल्यावर कधी कधी सगळ्या फोटोंना आजची तारीख दिसते. ही फाइलची तारीख. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत खरी तारीख एक्झिफ नावाच्या नोंदीत शाबूत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांत मात्र ही नोंद सहसा उरत नाही. त्यांच्या फाइलच्या नावात आलेल्या दिवसाची तारीख असते, तेव्हा ती नावं बदलू नयेत.

कार्डं भरून कपाटात ठेवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात. ते अतिशय संथपणे झिरपतात, आणि कार्ड जितकं वापरून झिजलेलं, जितक्या उष्णतेत ठेवलेलं, तितके लवकर. एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या कार्डात विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, तेव्हा थोडी गळतीही वाचन चुकवू शकते. वैशाखात बंद गाडीत कार्ड ठेवणं टाळावं. जुन्या कार्डावरचे फोटो दर काही वर्षांनी नव्या कार्डवर कॉपी केले की ते ताज्या भाराने लिहिले जातात. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर असू द्यावी, आणि कार्डावर लिहायला जागा नसते म्हणून त्याच्या प्लास्टिकच्या डबीवर साल लिहून ठेवावं.