उरल्या अन्नाचा सप्ताह

'सप्ताह' हा शब्द कानी पडताच आमच्या पेडणे-डिचोलीकडील वाचकांस टाळमृदंगाचा गजर आणि अखंड भजन आठवेल. प्रस्तुत लेखातील सप्ताह मात्र देवळातील नसून स्वयंपाकघरातील आहे. काटकसरीच्या घरात सात दिवसांची सात रात्रीची जेवणे कशी होतात, आदल्या दिवशी उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी कोणत्या रूपाने ताटात येते, आणि ते कोणाच्या ताटात येते, हा आमचा विषय आहे. यांतील शेवटचा प्रश्न विद्यार्थिमित्रांस किरकोळ वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. मराठीत 'शिळे' म्हटले की नाक आपोआप मुरडते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही रात्र उलटून गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केलेली आहे. परंतु आमच्या कोंकणीत एक गंमत आहे. आदल्या दिवशीच्या माशांच्या आमटीस आम्ही 'शिळें हुमण' म्हणत नाही, 'कालचें हुमण' म्हणतो. आणि ते मागताना कोणाच्याही स्वरात संकोच नसतो. किंबहुना, घरोघरी हुमण मुद्दाम थोडे अधिक केले जाते, ते उद्या 'कालचें' व्हावे म्हणून! जे अन्न जाणूनबुजून उद्यासाठी राखले ते उरलेले नव्हे, हा विवेक या एका शब्दात साठलेला आहे. दुसरा भेद शिळे आणि उष्टे यांतील. जेवणाऱ्याचा हात किंवा उष्टा चमचा ज्यात गेला ते अन्न राखू नये, हा आजीचा दंडक निव्वळ सोवळ्याओवळ्याचा नाही. तोंडातील जंतू भांड्यात गेले की अन्न लवकर बिघडते. यास्तव उद्याचा वाटा पाने वाढण्यापूर्वीच स्वच्छ भांड्यात वेगळा काढावयाचा. पुढे जे सांगणार आहोत त्याचा पाया हाच आहे.

आता सप्ताहाकडे वळू. आम्ही पाच माणसांचे एक घर डोळ्यांसमोर धरले आहे. त्या घराचा आठवडा रविवारी सुरू होत नाही, शुक्रवारी होतो. कारण शुक्रवारी म्हापशाचा बाजार. भाजी, नारळ, मिरच्या आणि बांगडे यांनी भरलेली पिशवी त्या दिवशी घरी येते. रात्री बांगड्यांचे हुमण आणि उकड्या तांदळांचा भात. नारळाची एक कवड, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचे बारीक वाटण, आंबटपणास सोले आणि वासास ठेचलेली तिरफळे; फोडणीचे नावही नाही. मिरची हरमलची मिळाली तर सोन्याहून पिवळे; त्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि पेडणेकरांस ते सांगण्याची संधी आम्ही सहसा दवडीत नाही.

शनिवारी रात्री हेच हुमण पुन्हा येते. पण ते कालचे राहिलेले नसते. मंद विस्तवावर आटवून आटवून ते दाट होते, वाटण भांड्याच्या कडेस धरू लागते, एखादा राखलेला तुकडा मोडून रसात मिसळून जातो. मीठ, तिखट आणि आंबट ही रात्रभरात एकमेकांत मुरलेली असतात, म्हणून पहिल्या दिवशी जी चव सुटी सुटी लागते ती दुसऱ्या दिवशी एकजीव होते. डिचोलीच्या कुंभारांनी घडविलेले मातीचे भांडे यासाठी उत्तम. सोलांच्या आंबटपणाचा ॲल्युमिनियमवर किंवा कल्हई गेलेल्या तांब्यावर परिणाम होतो, मातीवर होत नाही. सोबत तांदळाची भाकरी, आणि तिच्या पिठात शुक्रवारचा वाटीभर उरलेला भात मळून घातलेला. अशी भाकरी मऊ होते व पीठही कमी लागते.

येथे थोडे थांबून शास्त्र सांगितले पाहिजे, कारण काटकसरीच्या नादात आजार विकत घेणे हा घाट्याचाच व्यवहार आहे. भातात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. ही बीजे इतकी चिवट की भात शिजतानाच्या उकळीनेही ती सर्व मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला म्हणजे ती रुजतात, वाढतात आणि विष निर्माण करतात. यांपैकी एक विष तर भात पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून 'सकाळी चांगला गरम केला की झाले' हा समज खोटा आहे. भात उरणार असे दिसताच तो पसरट ताटात काढून निववावा आणि तास-दीड तासाच्या आत शीतकपाटात ठेवावा. शीतकपाट नव्हते तेव्हा आमच्या आज्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवीत. त्याने भात लवकर निवे, आणि रात्रभरात पाणी किंचित आंबून वाईट जंतूंच्या वाढीस अडथळा होई. ओडिशात 'पखाळ' आणि बंगालमध्ये 'पांता भात' या नावांनी हाच पदार्थ आवडीने खातात. तथापि हा उपाय पूर्ण खात्रीचा नव्हे. वास किंवा चिकटपणा आला की तो भात टाकावा. तेथे काटकसर नको.

बांगड्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. बांगडा, तारली, कुपा असे मासे उन्हात किंवा उबेत पडून राहिले तर त्यांच्या मांसात 'हिस्टामिन' नावाचे द्रव्य तयार होते. त्याने चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. आणि हे द्रव्य कितीही उकळले तरी जात नाही. अर्थात ज्या हुमणाचे उद्या 'कालचें' करावयाचे आहे त्याचा मासा आज ताजाच हवा. कल्ला उघडून पाहणारी व डोळा स्वच्छ आहे का हे निरखणारी म्हातारी बाजारात उगाच वेळ घालवीत नसते.

रविवारविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुपारी पाहुणे असले तर शागोती होते, रात्री तिचाच रस आणि आंबोळ्या. रस पुरेनासा झाला तर त्यात उकडलेली अंडी सोडतात.

सोमवार आमच्याकडे बहुतेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे निरामिष. मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी दुपारी होतात. रात्री त्यांतील राखलेला वाटा परतून सुका करावा, वर ओले खोबरे पेरावे आणि पोदेराकडच्या पावाबरोबर खावा. पाव कालचा असला तर तव्यावर कुरकुरीत भाजून घ्यावा. जुन्या पावाची दया केवळ आम्हांसच येते असे नाही. फ्रान्समध्ये शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून तळतात आणि त्या पदार्थास 'हरवलेला पाव' म्हणतात. ज्या पोर्तुगिजांनी गोव्यास पाव दिला त्यांच्या देशात तर नाताळच्या आदल्या रात्रीचा खारवलेला मासा, बटाटे आणि कोबी दुसऱ्या दिवशी तेलात परतून खाण्याची रीत आहे, व त्या पदार्थाचे नाव 'जुने कपडे' असे आहे! आमचे 'कालचें' त्याहून सभ्य, हे कोणीही मान्य करील.

मंगळवारी पेज आणि किसमूर. सुके गालमो किंवा सुका बांगडा भाजावा, चुरावा, त्यात कांदा, ओले खोबरे, तिखट आणि सोलांचे आगळ कालवावे. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. तेव्हा हे सुके मासेच घर सावरतात. त्यासाठी मे महिन्यात 'पुरुमेंत' भरून ठेवण्याची चाल गोव्यात जुनी आहे. सुके मासे, सोले, मिरच्या आणि फणसाच्या बिकणांपर्यंत सारे त्यात येते. फणस खाऊन उरलेली बी फेकून न देता पावसाळ्यापर्यंत जपणारे लोक उरलेल्या भाताचा हिशेब ठेवतील यात नवल कोणते?

आता तो शेवटचा प्रश्न. उरलेले कोणाच्या ताटात येते? आमच्या पाहण्यातील बहुतेक घरांत त्याचे उत्तर एकच आहे. ताजे सर्वांस वाढून झाले की कालचा भात आणि तळाची भाजी घरातील बाई घेऊन बसते. ती सर्वांच्या मागून जेवते, म्हणून हे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. डिचोली तालुक्यातील विद्यार्थ्यांस हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ च्या मार्चमध्ये आणखी एकदा थांबल्या. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. अशा वेळी घरात सर्वांत आधी कमी होते ते आईचे पान, आणि त्याचे कारण 'आज मला भूक नाही' असे सांगितले जाते. एकाच माणसाने गुपचूप पोटास चिमटा घ्यावयाचा आणि इतरांनी त्यास घराची काटकसर म्हणावयाचे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. उरलेल्याचे सर्वांसाठी नवे जेवण करणे आणि ते पाचही पानांवर सारखे वाढणे, यासाठी हा सारा सप्ताह आहे. कालचें हुमण चवदार आहे ना? मग ते वडिलांच्याही पानावर आले पाहिजे आणि चिरंजिवांच्याही.

विद्यार्थ्यांस याच कामी एक गोष्ट सहज करता येईल. रात्री पाने घेण्यापूर्वी भांड्यांची झाकणे उघडून काय किती आहे ते पाहावे आणि आईस विचारून उद्याचा वाटा आपण काढावा. गणितातील व्यवहारी अपूर्णांक तेथे फार लवकर समजतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्याचा सुमारे ६० टक्के भाग उपाहारगृहांतून वा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून गेला.

बुधवारी टोपलीत शुक्रवारच्या बाजाराची शेवटची शेपटे उरलेली असतात: अर्धा मुळा, एक शेंग, भोपळ्याची फोड, एखादे कच्चे केळे, सुरणाचा तुकडा. यांतील एकाचीही भाजी पाच माणसांस पुरणार नाही. सर्वांची मिळून खतखत्यासारखी भाजी मात्र होते. तूरडाळ, नारळाचे वाटण आणि तिरफळे घातली की झाले. खतखते हा सणाचा पदार्थ, त्यास असे रोजच्या पंगतीस बसवू नये, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडेल. त्यांचा मान राखून आम्ही 'सारखी' हा शब्द वापरला आहे. बटाटा असल्यास सालीसकट घालावा. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीत गोव्यात बटाटे थेट हॉलंडहून येत. तेव्हाच्या गृहिणींनी ती साल किती जाड काढली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

गुरुवार पुन्हा शिवराक. दुपारच्या सोलांच्या कढीसाठी नारळाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो तो टाकू नये. त्यात रस कमी असला तरी खोबरे आहेच. मोहरी, कढीलिंब आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत तो चोथा परतावा आणि त्यावर सकाळी वेळीच निववून ठेवलेला भात मोकळा करून घालावा. शीतकपाटात भात कडक होतो, त्याचे कारण त्यातील पिष्ट आकसते. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले की तो पूर्ववत मऊ होतो. भात नुसता कोमट करू नये, चांगली वाफ येऊ द्यावी, आणि एकदा तापविलेला पुन्हा राखू नये. वर लिंबू पिळून पाचजणांनी एकदमच बसावे. त्या रात्री भांडी घासावयास सोपी जातात, कारण तळाशी काही राहिलेले नसते. आणि शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बसला रिकाम्या पिशव्या घेऊन जाता येते.