भ्रमणध्वनीवरून वनस्पती व प्राण्यांची ओळख : उपयोग आणि मर्यादा

पावसाळा सुरू झाला की शेताच्या बांधावर आणि विहिरीच्या कडेला नाना प्रकारच्या रानवनस्पती उगवतात. टाकळा, कुरडू, कवळा, भारंगी ही नावे मागील पिढीच्या तोंडी सहज असत. आज अनेक घरांत ती सांगणारे कोणी उरलेले नाही. ही उणीव भ्रमणध्वनीवरील काही अ‍ॅप्स अंशतः भरून काढू शकतात. मात्र त्यांचे उत्तर हा प्रथम केवळ अंदाज असतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आयनॅचरलिस्टची कार्यपद्धती

या प्रकारातील सुपरिचित अ‍ॅप म्हणजे आयनॅचरलिस्ट. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून त्याचा आरंभ केला. २०२३ पासून ती एक स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. आपण छायाचित्र, दिनांक व स्थळ नोंदवले की संगणक काही संभाव्य नावे सुचवतो. त्यानंतर जगभरातील जाणकार व हौशी निरीक्षक ती नोंद पाहून आपले मत देतात. मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक जणांचे एका जातीवर एकमत झाले आणि इतर अटी पूर्ण झाल्या, तरच ती नोंद संशोधनास योग्य मानली जाते. बागेत लावलेली झाडे व पाळलेले प्राणी या श्रेणीत येत नाहीत.

चूक कोठे होते?

लोकांनी ओळख पटवलेल्या छायाचित्रांवरूनच संगणक शिकलेला असतो. ज्या जातीची पुरेशी छायाचित्रे जमलेली नाहीत, तिचे नाव त्याला सुचतच नाही. तो तिच्यासारखी दिसणारी दुसरीच जात पुढे करतो. यासाठी केवळ फुलाचे छायाचित्र न घेता पाने, खोड व फळ यांचीही छायाचित्रे जोडावीत.

दोन बाबतींत विशेष सावधगिरी हवी. पहिली बाब खाण्याची. अ‍ॅपने नाव सांगितले म्हणून कोणतीही रानभाजी, कंद वा अळंबी खाऊ नये. सुंदर फुलांची कळलावी सर्वांगाने विषारी असून तिचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो. रानभाजी ओळखणाऱ्या अनुभवी व्यक्तीने ती प्रत्यक्ष हाताळून खात्री दिल्याखेरीज भाजी चुलीवर चढवू नये.

दुसरी बाब सापांची. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात जाणत्यांचीही गफलत होते. सर्पदंश झाल्यास छायाचित्र मिळवण्यात वेळ दवडू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. भारतात सामान्यतः दिले जाणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयोगी पडते. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत.

मुले आणि खासगीपणा

आयनॅचरलिस्टवरील नोंदीचे स्थळ सर्वांना दिसू शकते. म्हणून घराच्या अंगणातील नोंद करताना स्थळ अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडावा. धोक्यात आलेल्या अनेक जातींचे नेमके ठिकाण तर संकेतस्थळच झाकून ठेवते, जेणेकरून शिकाऱ्यांना त्याचा सुगावा लागू नये. लहान मुलांसाठी त्याच संस्थेचे 'सीक' हे अ‍ॅप अधिक योग्य. त्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. खात्री नसेल तेव्हा ते कुळापाशी वा प्रजातीपाशीच थांबते, जातीचे नाव सांगत नाही.

नोंद करताना आपल्या गावात प्रचलित असलेले नावही टिपणात अवश्य लिहावे. शास्त्रीय नाव संगणक वा तज्ज्ञ सांगतील. बांधावरच्या भाजीला आपल्या आळीत काय म्हणतात, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागेल. मुलांनी आजी-आजोबांना सोबत घेऊन या नोंदी कराव्यात, म्हणजे दोन्ही नावे टिकतील.